चोवीस लाखांचं मशीन घ्यावं का? हा हिशोब प्रोग्रॅमला कसा शिकवायचा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मामांच्या शेडमध्ये टेबलावर कोटेशन पडलं होतं. सीएनसी लेथ, म्हणजे संगणकानं चालणारं कातकामाचं मशीन, सगळं धरून २४ लाख. मामा फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं टर्निंग जॉब वर्कवर करून देतात. बेळगावात वाढलेल्या माणसाला हा धंदा वेगळा सांगायला नको. ओतकाम, हायड्रॉलिकचे सुटे भाग आणि त्यांना लागणारं मशीनिंग यांवर इथली कितीतरी घरं चालतात. कोटेशनच्या पाठकोऱ्या बाजूला मामांनी आकडे मांडले होते. खर्च, पगार, वीज, टूल सगळं वजा जाता पहिल्या वर्षी ४ लाख हातात राहतील, कारण सुरुवातीला काम कमी आणि सेटिंग शिकण्यात वेळ. दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ८-८, पाचव्या वर्षी पुन्हा ७, आणि शेवटी मशीन विकून ५. म्हणजे पाचव्या वर्षी एकूण १२.

"चोवीस घालायचे, एकोणचाळीस येणार. पंधरा लाख सुटतात की रे. अजून काय बघायचं?"

बेरीज बरोबर होती. फक्त त्या बेरजेत यंदाचा लाख आणि पाचव्या वर्षीचा लाख एकाच किमतीचे धरले होते. असा हिशोब प्रोग्रॅमकडून कसा करून घ्यायचा, ते इथे सांगतो. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. सूत्र पाच ओळींचं आहे. खरी मेहनत त्या पाच ओळींच्या आधी आणि नंतर आहे.

आधी वेळेची किंमत समजून घेऊया. त्यासाठी कुठल्या कॉलेजात जायची गरज नाही, लिलावाची भिशी ठाऊक असली तरी पुरे. समजा वीस जण महिन्याला पाच-पाच हजार भरतात, दरमहा एक लाख जमतो. पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी घरी लग्न निघतं किंवा दुकानात माल भरायचा असतो. तो ८२ हजारांवर बोली लावून भिशी उचलतो आणि १८ हजार बाकीच्यांत वाटले जातात. शेवटच्या महिन्यात उचलणारा जवळजवळ पूर्ण लाख घेऊन जातो. पहिल्याला कुणी फसवलेलं नसतं. आज हातात येणाऱ्या पैशासाठी किती सोडायचं, हे त्याचं त्यानं ठरवलेलं असतं. हे सोडणं म्हणजेच सूट, आणि वर्षाला ज्या टक्क्यानं आपण सोडायला तयार असतो तो सूट-दर.

आपण दर १२ टक्के धरू. आजचे १०० रुपये कामाला लावले तर वर्षानं ११२ होतात. उलटं वाचलं तर पुढच्या वर्षी मिळणारे ११२ म्हणजे आजचे १००. मग पुढच्या वर्षी मिळणारे १०० आज किती? १०० भागिले १.१२, म्हणजे ८९ रुपये २९ पैसे. दोन वर्षांनी मिळणार असतील तर पुन्हा एकदा १.१२ ने भागायचं. पाच वर्षांनंतरचे १०० रुपये आजच्या भावानं ५६ रुपये ७४ पैसे होतात. असे भागाकार पूर्वी छापील तक्ते बघून करत. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञानं १५८२ साली अँटवर्पमध्ये व्याजाचे तक्ते छापून सर्वांसाठी खुले केले. आता ते तक्ते प्रोग्रॅमच्या एका ओळीत मावतात.

मामांचे आकडे असे आजच्या भावात आणले. पहिल्या वर्षीच्या ४ लाखांचे ३.५७ झाले. ७ चे ५.५८, त्यापुढच्या ८ चे ५.६९ आणि ५.०८, आणि शेवटच्या १२ चे ६.८१. बेरीज २६.७४ लाख. त्यातून आज द्यायचे २४ गेले की उरतात सुमारे २ लाख ७४ हजार. हेच निव्वळ वर्तमान मूल्य, बँकेत आणि सीएंकडे ज्याला एनपीव्ही म्हणतात. पंधरा लाखांचा फायदा पावणेतीन लाखांवर आला, पण शून्याच्या वरच राहिला. म्हणजे १२ टक्क्यांचा मोबदला वसूल होऊन वर आजच्या भावात पावणेतीन लाख सुटतात. आकडा उणे आला असता, तर तेच पैसे दुसरीकडे लावणं बरं.

प्रोग्रॅममध्ये हे असं उतरतं:

एकूण = ०
भाजक = १
प्रत्येक वर्षाच्या रकमेसाठी:
    एकूण = एकूण + रक्कम ÷ भाजक
    भाजक = भाजक × (१ + दर)

यादी अशी द्यायची: −२४, ४, ७, ८, ८, १२. पहिली रक्कम आजची, तिचा भाजक १, म्हणजे तिला सूट नाही. पुढे दर फेरीला भाजक १.१२ पटीनं वाढत जातो. पायथन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चलांची, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांची, नावं देवनागरीतच ठेवता येतात. 'रक्कम', 'दर', 'भाजक' ही नावं त्याला चालतात, फक्त मूळ आज्ञा त्याच्या त्याला लागतात. मी मामांसाठीचा प्रोग्रॅम असाच लिहिला. त्यांना कोड वाचता यावा अशी माझी इच्छा होती, आणि त्यांना तो वाचता आला.

पहिल्या वेळी मात्र मी हे एक्सेलमध्ये केलं आणि चुकलो. तिथल्या एनपीव्ही फंक्शनला मी सहाच्या सहा आकडे दिले आणि उत्तर आलं २ लाख ४४ हजार ६००. हे फंक्शन यादीतला पहिला आकडा आजचा धरत नाही, पहिल्या वर्षाअखेरचा धरतं. म्हणून आज द्यायच्या २४ लाखांनाही त्यानं एका वर्षाची सूट दिली आणि सगळं उत्तर १.१२ ने भागलं गेलं. फंक्शन लिहिल्याप्रमाणेच चालत होतं, मी ते नीट वाचलं नव्हतं. योग्य रीत अशी: पुढच्या पाच रकमा फंक्शनला द्यायच्या आणि २४ लाख बाहेरून वजा करायचे. २९ हजारांचा फरक किरकोळ वाटेल. पण एका मशीनचा हिशोब या रीतीनं आणि दुसऱ्याचा त्या रीतीनं झाला, तर तुलनाच मोडते.

म्हणून प्रोग्रॅमवर विश्वास टाकण्याआधी त्याला तोंडी येणारी गणितं घालायची. दर शून्य दिला तर उत्तर साधी बेरीज यायला हवं, इथे १५. आज −१०० आणि वर्षानं ११० दिले, दर १० टक्के ठेवला, तर उत्तर शून्य यायला हवं. रकमा एक वर्ष पुढे सरकवल्या तर आवकेची आजची किंमत बरोबर १.१२ ने भागली जायला हवी. या तीन चाचण्या लिहायला पाच मिनिटं लागतात. माझी ती एक्सेलमधली चूक मात्र यांत सापडली नसती, तिच्यासाठी चौथी हवी: फक्त आजचे −१०० दिले तर दर कितीही असला तरी उत्तर −१०० च यायला हवं. शून्याशी तुलना करताना एक काळजी घ्या. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का, असं विचारलं तर बहुतेक भाषा नाही म्हणतात. उत्तर अगदी शून्य आहे का हे न तपासता, ते चिन्ह सोडून एका पैशापेक्षा कमी आहे का हे तपासावं.

मामांना पंधराचे पावणेतीन झाले याचं फार काही वाटलं नाही. त्यांना धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा.

मी म्हटलं, "मामा, समजा पहिलं वर्ष कामच मिळालं नाही. त्यानंतर मात्र तुम्ही लिहिलंय तसंच सगळं. एकही रुपया कमी नाही, फक्त एक वर्ष उशिरा."

यादीत −२४ नंतर एक शून्य घातलं. बेरीज तीच, ३९ लाख. एनपीव्ही आला उणे १२ हजार ५६३.

मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. पैसे तेवढेच, फक्त तारीख बदलली, आणि अधिकाचा उणे झाला. प्रोग्रॅमचा खरा उपयोग इथे सुरू होतो. एक उत्तर काढायला कॅल्क्युलेटर पुरेसा असतो. "असं झालं तर?" हा प्रश्न शंभर वेळा न थकता विचारायला प्रोग्रॅम लागतो. डॅन ब्रिकलिनला व्हिजीकॅल्क या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची कल्पना सुचली तेव्हा तो हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होता, आणि तिथल्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागत. १९७९ साली ते बाजारात आलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न विचारणं स्वस्त झालं.

आम्ही बाकीचे आकडेही एकेक करून हलवले. आवक सगळीकडे १० टक्क्यांनी घटवली तर साडेसहा हजार उरतात, म्हणजे जेमतेम. उशीर महिन्यामहिन्यानं वाढवत नेला तर अकरा महिने निभावतात, बारावा नाही. आणि ज्या आकड्याकडे आमच्या दोघांचंही लक्ष नव्हतं तो शेवटी निघाला. जुनं मशीन ५ लाखांना जाईल हे गृहीत काढून टाकलं, तर एनपीव्ही उणे ९ हजार ७८४. म्हणजे इतर काही न बिघडतासुद्धा सगळा डोलारा पाच वर्षांनी मिळणाऱ्या विक्रीच्या किमतीवर उभा होता, आणि ती किंमत मामांनी कागदावर सहज लिहून टाकली होती. मग त्यांनी दोन जुन्या मशीनवाल्यांना फोन करून भाव विचारला. प्रोग्रॅमनं सांगितलं ते एवढंच, की चौकशी कुठे करायची.

हे करता यावं म्हणून प्रोग्रॅम लिहितानाच आकडे आणि सूत्र वेगळे ठेवावे लागतात. दर, उशिराचे महिने, आवकेतली घट, विक्रीची किंमत ही सगळी वर, नाव देऊन, एका जागी. खाली सूत्रात १.१२ असा उघडा आकडा कधी लिहू नये. उद्या बँकेचा दर बदलला तर तो कुठेकुठे लिहिलाय ते शोधत बसावं लागतं, आणि एक तरी जागा सुटतेच.

बँकेला टक्के हवे असतात

बँकेच्या माणसाला लाखांपेक्षा टक्के जवळचे वाटतात. "प्रोजेक्टचा आयआरआर किती?" असं तो विचारतो. अंतर्गत परतावा दर म्हणजे असा दर, जो धरला तर एनपीव्ही बरोबर शून्य होतो. याला सरळ सूत्र नाही, तो शोधावाच लागतो. शोधण्याची सर्वांत भरवशाची रीत वजनकाट्यावर अंदाजानं माप टाकण्यासारखी आहे. शून्य टक्क्याला उत्तर अधिक १५ लाख. ५० टक्क्यांना उणे १२.६९ लाख. म्हणजे खरा दर या दोघांच्या मध्ये. मधला २५ घ्या, उत्तर उणे ५ लाख. म्हणजे शून्य ते २५. मधला १२.५, उत्तर अधिक २.३६. मग १२.५ ते २५. मधला १८.७५, उणे १.७९. असं प्रत्येक वेळी अर्ध टाकून द्यायचं. वीस वेळा केलं की ५० टक्क्यांचं अंतर एका टक्क्याच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही लहान होतं. मामांच्या मशीनचा दर निघतो सुमारे १५.९ टक्के.

न्यूटन-रॅफसनची रीत, म्हणजे आलेखाचा उतार बघून पुढचा अंदाज बांधण्याची, याहून वेगवान आहे, पण तिची सुरुवात चुकीच्या जागी झाली तर ती भरकटते. एक्सेलचं आयआरआर फंक्शनही एका अंदाजापासून सुरू होतं. आपण काही दिलं नाही तर ते १० टक्के धरतं, आणि वीस प्रयत्नांत जमलं नाही तर चूक दाखवून थांबतं. मशीनच्या हिशोबात वेग लागतोच कुठे? मी अर्ध करत जाण्याची रीतच वापरतो.

पण टक्क्यांवर निर्णय घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. मामांसमोर दुसरा पर्याय होता, ६ लाखांचा जुना लेथ, वर्षाला २ लाख २० हजार देणारा, पाच वर्षं. त्याचा आयआरआर येतो २४.३ टक्के, नव्या मशीनपेक्षा कितीतरी चांगला. एनपीव्ही मात्र १ लाख ९३ हजार, म्हणजे नव्याहून ८१ हजार कमी. शेडमध्ये जागा एकाच मशीनची असेल तर घरात जास्त पैसा कोण आणतं ते एनपीव्ही सांगतो. लहान रकमेवरचे मोठे टक्के मोठ्या रकमेवरच्या मध्यम टक्क्यांपुढे थोडेच पडू शकतात. अर्थात जुन्या लेथनंतर उरणारे १८ लाख १२ टक्क्यांहून चांगल्या कामी लागणार असतील, तर त्या कामाचाही हिशोब जोडून मगच तुलना करावी.

आयआरआरचा आणखी एक धोका आहे, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो ठाऊक हवाच. समजा खानापूरकडे कुणी मातीची खाण भाड्यानं घेतली. आज १० लाख खर्च, वर्षानं २३ लाख आवक, आणि त्यापुढच्या वर्षी खड्डा बुजवून जमीन पूर्ववत करायला १३ लाख २० हजार. इथे रकमांचं चिन्ह दोनदा बदलतं, आणि एनपीव्ही शून्य करणारे दर दोन निघतात, १० टक्के आणि २० टक्के. दोन्ही बरोबर आणि दोन्ही निरुपयोगी. मधल्या १५ टक्क्यांना एनपीव्ही अधिक येतो, पण तो १९०० रुपयेसुद्धा नाही. आणि अर्ध करत जाणारी आपली रीत? शून्याला उत्तर उणे, ५० लाही उणे. तिला मध्ये काही सापडणारच नाही. म्हणून प्रोग्रॅमनं आधी चिन्हं मोजावीत, आणि एकापेक्षा जास्त वेळा बदलत असतील तर दर न छापता तसं स्पष्ट सांगावं.

परतफेड काळ, म्हणजे घातलेले पैसे किती दिवसांत सुटतात, हा बाजारातला सर्वांत लाडका आकडा. मामांच्या नव्या मशीनला तो ३ वर्षं साडेसात महिने. तो काढावा जरूर, पण त्यानंतर काय येतं याकडे तो डोळे मिटतो.

यादीत काय घालायचं, काय नाही

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या कुठल्याही चाचणीत सापडत नाहीत. यादीत नफा घालायचा नाही, रोख घालायची. घसारा, म्हणजे वापरानं मशीनची घटणारी किंमत, ही रोख नाही, तो कुणाच्या खिशातून जात नाही. पण आयकराच्या हिशोबात यंत्रांवर साधारणतः १५ टक्के घसारा घटत्या किमतीवर मिळतो, त्यामुळे कर कमी भरावा लागतो. ती करातली बचत मात्र खरी रोख आहे. मामांचे आकडे कर धरून काढलेले होते, म्हणून ती वेगळी दिसत नाही.

कर्जाचा हप्ता यादीत घालू नये. किंमत पूर्ण २४ लाख पहिल्याच ओळीत आली आहे, आणि व्याजाची भरपाई १२ टक्क्यांच्या दरात आहे. हप्ताही वजा केला तर तोच पैसा दोनदा वजा होतो. ही चूक मी शिकलेल्या लोकांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही पाहिली आहे. गेल्या वर्षी शेडच्या फरशीवर घातलेले पैसेही धरू नयेत, मशीन घ्या किंवा घेऊ नका, ते गेले. आणि जी जागा मशीन अडवणार तिचं भाडं येण्यासारखं असेल, तर ते भाडं दरवर्षी वजा करावं, जागा स्वतःची असली तरीही.

दर १२ च का? बँकेचं कर्ज त्यापेक्षा थोडं स्वस्त पडत होतं. पण घरचे पैसेही गुंतत होते, आणि जॉब वर्कमध्ये आज काम आहे म्हणून उद्या असेलच असं नाही. तेवढीच जोखीम घेऊन हेच पैसे दुसरीकडे काय देतील, त्याचा अंदाज म्हणजे दर. तो एकच धरू नये. १०, १२, १५ असे तिन्ही लावून बघावे.

वर्षाच्या ठोकळ्यांत आवक मांडणं सोपं असतं, पण आपल्याकडचा पैसा तारखेनं येतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या ऊसवाल्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर उशिराच्या काळासाठी वार्षिक १५ टक्के व्याज लागू होतं. म्हणजे उशिराच्या पैशाची किंमत कमी, हे कायद्यानंच मान्य केलं आहे, दरासकट. ठिबक घालणाऱ्या शेतकऱ्यानं हिशोब करताना बिल कारखान्याला ऊस गेल्याच्या तारखेला न मांडता खात्यावर जमा होण्याच्या तारखेला मांडावं. प्रोग्रॅममध्ये फरक एवढाच होतो, की भाजक फेरीफेरीनं न वाढवता (१ + दर) चा घात घेऊन काढायचा, आणि तो घात वर्षांच्या पूर्ण संख्येऐवजी दिवस भागिले ३६५ असा येतो. एक्सेलचं एक्सआयआरआर फंक्शन हेच करतं.

या तारखांच्या आवृत्तीवरच मामांचा शेवटचा प्रश्न सुटला. पुरवठादार म्हणत होता, पैसे आत्ता पूर्ण भरा, मशीन कदाचित दोन महिने उशिरा येईल. मामांनी शेडमधूनच फोन केला, मागे ग्राइंडरचा आवाज चालू होता.

"दोन महिन्यांनी आकडा कितीनं पडतो रे?"

सगळ्या आवका दोन महिने पुढे ढकलल्या. २ लाख ७४ हजारांचे २ लाख २४ हजार झाले.

"पन्नास हजार," मी म्हटलं.

"मग एवढे किमतीतून कमी कर म्हणतो त्याला," मामा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.